समुद्राचे पत्र

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या बाविसाव्या वर्षी. एम.ए.ची परीक्षा आटोपून एका मित्राबरोबर मुंबईला गेलो होतो. ज्याच्यावरच्या कविता घोकून आपण गुण मिळवले तो हाच काय, अशा काहीशा संशयाने गिरगाव चौपाटीवर उभा राहून मी त्या पाण्याकडे बराच वेळ पाहत होतो. कोकणातल्या माणसाला याचे हसू येईल. पण माझे गाव जिंतूर, जिल्हा परभणी. तिथून सरळ पश्चिमेला निघालेल्या कावळ्यालाही चारशे किलोमीटर उडाल्यावाचून समुद्र दिसायचा नाही. आमच्याकडे मोठे पाणी म्हणजे येलदरीचे. पूर्णा नदी अडवून साठच्या दशकात पुरे केलेले ते धरण लहानपणी सहलीला जाऊन पाहिले, तेव्हापासून 'अथांग' या शब्दाचा अर्थ माझ्यापुरता येलदरी असाच ठरून गेला होता.

मुंबईहून परत आलो तेव्हा आत्या ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती. तिने विचारले, "किती मोठा असतो रे समुद्र? येलदरीएवढा?"

"आत्या, त्याचा पलीकडचा काठच दिसत नाही," मी म्हणालो.

आत्याने सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला आणि म्हणाली, "असंल बापा. पर त्याचं आपल्याला काय?"

प्रश्न मला तेव्हा अगदी रास्त वाटला. त्याचे उत्तर मिळायला पुढे बावीस वर्षे लागली, आणि ते मिळाले एका दवाखान्यात, आत्याच्याच उशाशी.

आत्या माझी सख्खी आत्या. अकाली विधवा होऊन माहेरी आली, आणि माझी आई गेल्यावर तिनेच मला वाढवले. मी नोकरीसाठी परभणीला बिऱ्हाड केले, पण तिने जिंतूरचे घर सोडले नाही. घर माळवदाचे होते. ज्यांनी माळवद पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो : लाकडी सरांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि त्यावर वीतभर पांढऱ्या मातीचा थर. वैशाखात बाहेर पाखरू फिरकत नसले तरी आत डोळा लागावा असा गारवा. पण दर पावसाळ्यापूर्वी त्याची डागडुजी करावी लागे, माती टाकावी लागे, आणि एवढे करूनही ते एखाद्या कोपऱ्यात गळतच असे. शेवटी मी सुधारणेच्या उत्साहात ते उतरवले आणि वर पत्रे टाकले. आत्या म्हणाली, "लेकरा, उन्हाळ्यात काय करू?" मी म्हणालो, "पंखा लावून देतो की." माझ्या मते प्रश्न तिथे मिटला होता.

२०२४ चा मे महिना. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, यात नवल नाही. आमची माणसे उन्हाला भीत नाहीत. कानाला उपरणे बांधून, खिशात कांदा ठेवून ती लग्नाच्या वरातीत नाचतात. पण त्या उन्हाळ्यात शनिवारी मी जिंतूरला गेलो की आत्याची एकच तक्रार असे. "दिवसाचं काही नाही रे. पर रात निवंना गेली." अंगणात बाज टाकून ती पहाटेपर्यंत कूस बदलत राही. पंखा होता. पण तापलेल्या पत्र्याखालची हवा तो इमानेइतबारे तिच्याच अंगावर ढकलत होता.

एका दुपारी शेजारच्या घरातून फोन आला. आत्या माजघरात पडली होती, अंग कोरडे आणि तव्यासारखे तापलेले, आणि ती काहीबाही बरळत होती. मी परभणीहून पोहोचेपर्यंत शेजाऱ्यांनी तिला ओल्या चादरीत गुंडाळून दवाखान्यात नेले होते. त्या चादरीनेच ती वाचली, असे डॉक्टरांनी मला नंतर सांगितले. "उष्माघात आहे," ते म्हणाले. "म्हातारे शरीर दिवसाचं ऊन एक वेळ सोसतं, पण रात्री त्याला निवायला उसंत मिळायला हवी. ती मिळाली नाही, की चौथ्या-पाचव्या दिवशी ते हात टेकतं."

दुसऱ्या दिवशी माझे एक सहकारी मोसंबी घेऊन आत्याला पाहायला आले. ते भूगोल शिकवतात. आत्याची विचारपूस झाली आणि खिडकीबाहेरच्या पांढऱ्या उन्हाकडे पाहत ते म्हणाले, "सर, हा ताप जिंतूरचा नाही. हा प्रशांत महासागरातून आला आहे. गेल्या जूनमध्येच तशी वर्दी मिळाली होती."

मला वाटले, मोसंब्यांबरोबर ते थट्टाही घेऊन आले आहेत. पण ते थट्टा करीत नव्हते. दवाखान्यातल्या त्या लोखंडी बाकावर बसून त्यांनी मला जे सांगितले, आणि पुढे मी जे वाचून काढले, ते मराठीच्या माणसाला जमेल तसे सांगतो.

दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. तिथल्या किनाऱ्याचे पाणी एरवी थंड असते आणि म्हणूनच मासळीने समृद्ध असते. पण काही वर्षांच्या अंतराने, नाताळच्या सुमारास, हे पाणी ऊन होते आणि मासळी नाहीशी होते. तिथल्या कोळ्यांनी या पाहुण्याला 'एल निनो' म्हणजे 'बाळ' असे नाव दिले. बाळ म्हणजे बाळ येशू. नाव इतके गोंडस, आणि करणी अशी की त्याच्या पायगुणाने अर्ध्या जगाचे ऋतू बिघडावेत!

एरवी प्रशांत महासागरावर विषुववृत्ताच्या बाजूने पूर्वेकडून पश्चिमेकडे व्यापारी वारे वाहतात. ते वरचे ऊन पाणी ढकलत ढकलत इंडोनेशियाकडे नेतात. इतके, की तिकडे समुद्राची पातळी अमेरिकेच्या बाजूपेक्षा सुमारे अर्ध्या मीटरने वर असते. त्या ऊन पाण्यावर हवा वर चढते, ढग जमतात, पाऊस पडतो. पण एखाद्या वर्षी हे वारे ढिले पडतात आणि साचलेले ऊन पाणी मागे, पूर्वेकडे पसरते. पाण्याबरोबर ढगांचे बिऱ्हाडही पूर्वेला हलते. जिथे हवा वर चढत होती तिथे, आणि आपल्या बाजूलाही, ती खाली दबू लागते. दबलेल्या हवेत ढग धरत नाहीत. आकाश निरभ्र होते, आणि निरभ्र आकाश हे कवीला प्रिय असले तरी कुणब्याला नव्हे.

या सगळ्याला पाण्याच्या उन्हात फार मोठा फरक लागतो असेही नाही. त्या पट्ट्यातले पाणी सरासरीपेक्षा अर्धा अंश अधिक ऊन राहिले तरी शास्त्रज्ञ सावध होतात. दोन अंश म्हणजे तर मोठेच संकट. अर्ध्या अंशाने काय होते, असे आपल्याला वाटेल. पण समुद्राची कोठी मोठी आहे. वरच्या अवघ्या तीनेक मीटर पाण्यात जितकी उष्णता मावते तितकी साऱ्या वातावरणात मिळून मावते. समुद्राने नुसता सुस्कारा टाकला तरी जमिनीवर झळ लागते ती यामुळे.

आणि ही झळ उधारीने येते. एल निनो नाताळच्या सुमारास जोरात असतो. त्याचा ताप तीन-चार महिन्यांनी आपल्या हिंदी महासागरालाही चढतो. म्हणून पहिल्या वर्षी पाऊस ओढ देतो आणि दुसऱ्या वर्षी उन्हाळा भाजून काढतो. २०२३ च्या जूनमध्ये एल निनो सुरू झाल्याचे अमेरिकेच्या हवामान संस्थेने जाहीर केले. त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आमच्या काळ्या जमिनीला ऐन श्रावणात भेगा पडल्या. त्यानंतर आला २०२४ चा उन्हाळा. २०१५ साली असेच झाले होते. पाऊस गेला, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच मे महिन्यात राजस्थानात फलोदीला पारा ५१ अंशांवर गेला.

आत्या हे सारे डोळे मिटून ऐकत होती. सहकारी गेल्यावर तिने विचारले, "पाऊस गेला तं ऊन काहून वाढतं? सूर्य तं तोच हाय ना?"

प्रश्न उत्तम होता. मी उत्तर जुळवू लागलो : जमिनीत ओल असली की उन्हाची पुष्कळशी शक्ती ती ओल सुकवण्यात खर्च होते; ओलच नसली की ते सारे ऊन जमीन आणि हवा तापवण्याच्या कामी लागते...

"म्हणजे कोरडा माठ," आत्या म्हणाली. "भरला माठ पाझरतो म्हणून गार ऱ्हातो. रिकामा माठ उन्हात ठिवला तं हात लावू देत नाही."

वीस वर्षे अलंकार शिकवणाऱ्या माणसाला याहून नेमकी उपमा सुचली नसती. सगळा मराठवाडा म्हणजे एक मोठा माठ. तो भरण्याचे काम समुद्राचे. त्याने एका वर्षी हात आखडला, की पुढच्या चैत्र-वैशाखात माठ तापतो. आत्याने मग डोळे उघडले आणि म्हणाली, "बहात्तरला असंच झालतं."

१९७२ हे आमच्याकडे साल नाही, ती एक आठवण आहे. आत्या तेव्हा विशीत होती. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मजुरीबरोबर मिळणारी सुकडी, रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी, हातोडीने फुटलेले अंगठ्याचे नख हे मी तिच्या तोंडून शंभरदा ऐकले होते. त्या वर्षी देशभरात पाऊस सुमारे चोवीस टक्क्यांनी कमी पडला, आणि त्या वर्षीही प्रशांत महासागरात एक जबरदस्त बाळ जन्मले होते. हे मात्र तिला बावन्न वर्षांनी, सलाइनची सुई हातात असताना प्रथमच कळत होते. ज्याने आपल्या तरुणपणी आपल्या हातात हातोडी दिली त्याचे नाव तिला आज समजले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि एवढेच म्हणाली, "आम्ही तं देवाला बोल लावत व्हतो."

देवाला बोल लावण्याखेरीज काही करता येईल का, या विचाराने पूर्वीही एका माणसाची झोप उडवली होती. १८७६ ते ७८ चा दख्खनचा भीषण दुष्काळ आणि पुन्हा १८९९ चे पाऊस नसलेले वर्ष यांनी सरकारला हवामानाचा धसकाच बसला होता. अशा वेळी, १९०४ साली, भारतीय हवामान खात्याचा प्रमुख म्हणून केंब्रिजचा एक गणिती आला. त्याचे नाव गिल्बर्ट वॉकर. बूमरँग कसे फिरते याचे त्याला इतके वेड, की मित्र त्याला 'बूमरँग वॉकर' म्हणत. हवामानशास्त्र त्याने शिकलेले नव्हते. त्याने फक्त जगभरचे आकडे मागवले आणि कारकुनांकडून हिशेब करवून घेतले. त्यातून त्याला एक अजब झोका दिसला : हवेचा दाब प्रशांत महासागराकडे वाढला की हिंदी महासागराकडे उतरतो, आणि इकडे वाढला की तिकडे उतरतो. हा झोका कोण देतो ते मात्र त्याला कळले नाही. झोका देणारा हात समुद्राचा आहे, हे याकोब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात दाखवून दिले. वॉकर १९५८ मध्येच वारला होता. हवेच्या त्या पूर्व-पश्चिम फेऱ्याला ब्यर्कनेसने वॉकरचेच नाव दिले, हा त्यातल्या त्यात न्याय.

वॉकरचे ते खाते पुढे १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरातल्या त्या जागेला पुणेकर 'सिमला ऑफिस' म्हणतात. मी बसने त्या चौकातून कितीदा गेलो असेन! तिथे आमच्या अंगणातल्या उन्हाचा हिशेब मांडला जातो, हे मला कधी सुचले नाही.

आता कोणी म्हणेल, समुद्र एवढा सत्यवचनी असेल तर पंचांग फेकून द्यावे. तसेही नाही. १९९७ साली शतकातल्या सर्वांत बलवान एल निनोंपैकी एक आला, पण आपला पाऊस सरासरीला पुरला. त्याचा उलगडा १९९९ मध्ये झाला. हिंदी महासागराचाही आपला एक झोका आहे. त्याची आफ्रिकेकडची बाजू ऊन आणि सुमात्राकडची थंड असली, की तो पुष्कळदा प्रशांताचा घाव झेलतो. उलट, २०२२ मध्ये समुद्र ला निनाच्या, म्हणजे थंडाव्याच्या, बाजूला असूनही मार्च महिना १९०१ पासूनचा देशातला सर्वांत तापलेला मार्च ठरला. त्यातच साऱ्या पृथ्वीचा ताप वाढतो आहे. त्यामुळे एल निनो आता जुन्या पायरीवरून नव्हे, वरच्या पायरीवरून उडी मारतो. २०२४ हे तर जगातले आजवर नोंदलेले सर्वांत उष्ण वर्ष झाले. तेव्हा समुद्र हा ज्योतिषी नव्हे. तो फार तर एखादा मोठा काका आहे. घरात त्याच्या शब्दाला वजन असते, पण घर सगळे त्याच्या शब्दावर चालत नाही.

मला मात्र एक गोष्ट मनाला लागली आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला समुद्र मायेने सांभाळतो. मे महिन्यात मुंबईचा पारा चौतिसाच्या आसपास घुटमळतो, तेव्हा परभणीचा बेचाळिशीला टेकलेला असतो. आणि २०१८ च्या डिसेंबरअखेरीस परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा दोन-तीन अंशांवर उतरला, तेव्हा मुंबईत तसा कडाका नव्हता. जवळच्याला त्याची ऊब आणि गारवा. लांबच्याला त्याचा फक्त लहरीपणा. पण लांबच्याला तो एक गोष्ट देतो, ती म्हणजे वेळ. बारा हजारांहून अधिक किलोमीटरांवरून निघालेले त्याचे पत्र आपल्या दारी पोहोचायला सहा महिने, वर्ष लागते. एवढी सवड भूकंप देत नाही, वीज देत नाही.

आत्याला घरी आणल्यावर मी फडताळे आवरायला घेतली. कुरडयांच्या डब्याखाली अंथरलेले वर्तमानपत्र काढले, तर ते २०२३ च्या जूनमधले. आतल्या पानावर, पाणी पडून पिवळा झालेला एक मजकूर होता : एल निनो सुरू झाल्याची बातमी. अंक मीच परभणीहून नेला होता. म्हणजे समुद्राचे पत्र वेळेवर आले होते, रीतसर घरात पोहोचले होते, आणि आम्ही त्यावर कुरडयांचा डबा ठेवला होता. त्याआधी मी घरावरची माती काढून लोखंड चढवले होते. समुद्राला दोष देणे सोपे आहे. पण पत्रे काही त्याने टाकले नव्हते.

या बाबतीत अहमदाबादकर आमच्यापेक्षा शहाणे निघाले. २०१० च्या मे महिन्यात तिथे उन्हाने एरवीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे दगावली, तेव्हा त्या शहराने २०१३ मध्ये उन्हाळ्याचा आराखडा केला. कोणत्या दिवशी लोकांना सावध करायचे, दवाखान्यांनी काय तयारी ठेवायची, पाणी कुठे पुरवायचे, हे सारे आधी लिहून ठेवले. पुढे गरिबांच्या घरांची छपरे चुन्याने पांढरी करण्याचे कामही तिथे झाले. यात समुद्राशी भांडण नाही. पत्र वाचून उत्तर देणे आहे.

मीही माझ्या परीने उत्तर दिले. माळवद पुन्हा घालणे आता शक्य नव्हते. सर मिळत नाहीत आणि तो थर देणारी माणसेही राहिली नाहीत. पण पत्र्यांना चुना दिला, खाली तट्ट्यांचे आढे बांधले, अंगणात मांडव घालून त्यावर वेल चढवला. उन्हाळ्याच्या आरंभी हवामान खाते एप्रिल ते जूनचा अंदाज देते. तो मी कापून आणतो आणि आत्याला मोठ्याने वाचून दाखवतो. पूर्वी पाडव्याला पंचांगाचे वर्षफल वाचत, तसा. कडक दिवस असले की तिने परभणीला माझ्याकडे यायचे, असा आमचा करार झाला आहे. करार तिने माझ्यावर उपकार म्हणून मान्य केला.

२०२५ चा मे महिना तर भलताच निघाला. पाऊस महिन्याच्या मध्यापासूनच कोसळू लागला आणि मोसमी वारे महाराष्ट्रात नेहमीपेक्षा बरेच लवकर आले. मांडवाखाली शाल पांघरून बसलेल्या आत्याला मी म्हणालो, "आत्या, या दिवाळीच्या सुट्टीत तुला समुद्र दाखवून आणतो. एकदा पाहून तर घे."

आत्याने सुपातला खडा वेचला. "मी काहून जाऊ?" ती म्हणाली. "त्योच येऊन गेला की मागल्या उन्हाळ्यात माह्या उशाशी." आणि मग जरा थांबून, ज्वारीवरची नजर न काढता तिने विचारले, "औंदा काय म्हणतो रे त्यो? काही चिठ्ठीचपाटी?"